रेशमी वस्त्रावरील नावे



जर्मनीतील आखेन येथील कॅथेड्रलमध्ये सम्राट शार्लमेन याच्या अस्थींसोबत ठेवलेले एक रेशमी वस्त्र आजही जतन केलेले आहे. तांबड्या भूमीवर मोठमोठी वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळात झूल घातलेला एक हत्ती, अशी त्याची नक्षी आहे. हे वस्त्र सुमारे १००० वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूल शहरात विणले गेले. हत्ती हा तेथील प्राणी नव्हे. ही नक्षी इराण व मध्य आशिया यांच्या वाटेने तेथवर पोचली असावी. तथापि मागावर हत्ती इतका डौलदार उतरला आहे की, विणणाऱ्याला त्याची केवळ ऐकीव माहिती होती असे म्हणवत नाही.

रेशीम नाशवंत असते. दमट मातीत ते उरत नाही. इसवी सनाच्या सहाव्या ते अकराव्या शतकांतील जी रेशमी वस्त्रे आज पाहावयास मिळतात, त्यांपैकी काही इजिप्त व तुर्फान येथील कोरड्या वाळूने राखली आणि पुष्कळशी युरोपातील भाविकांनी. संतांच्या अस्थी मिळेल त्या सर्वांत मौल्यवान वस्त्रात गुंडाळून पेटीत बंद करण्याची तेथे रीत होती. ते वस्त्र कोणत्या धर्माच्या राज्यातून आले, याची चौकशी सहसा होत नसे. उत्तर फ्रान्समधील सें-जोस गावात एका ख्रिस्ती संताच्या अस्थींभोवती असलेले वस्त्र दहाव्या शतकात खुरासानात विणलेले आहे. ते आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावरही हत्ती आहेत, कडेने उंटांची रांग आहे आणि कूफी लिपीत अबू मन्सूर बख्तकीन या सेनापतीसाठी दुवा विणलेली आहे. हा सेनापती इ. स. ९६१ मध्ये मारला गेला. त्याच्या नावाचे वस्त्र मात्र एका संताचे कफन होऊन राहिले.

या काळातील नामांकित रेशमी वस्त्रे ज्या विणीची आहेत, तिला ग्रीक भाषेत ‘सहा सुतांची’ अशा अर्थाचे नाव होते. साध्या कापडात ताणा एकच असतो. येथे ताणे दोन. एक ताणा कापडाच्या पोटात दडून राहतो आणि बाण्यातील कोणत्या रंगाचे सूत वर यावयाचे व कोणते मागे जावयाचे, एवढेच ठरवितो. दुसरा ताणा त्या सुतांना तिरक्या ओळींनी बांधून ठेवतो. डोळ्यांस दिसतो तो प्रामुख्याने बाणा; म्हणून कापडाचा पृष्ठभाग सलग व झळाळीदार वाटतो. पैठणीशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होईल. पैठणीच्या पदरात मोराचा हिरवा रंग मोरापुरताच असतो. विणकर त्याची कांडी हाताने तेथल्या तेथे फिरवितो. या विणीत मात्र प्रत्येक रंगाचे सूत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाते व जेथे नको असेल तेथे पाठीमागे लपते. त्यामुळे कापड जड होते आणि रेशीम पुष्कळ लागते. परंतु नक्षीच्या दोऱ्या एकदा मागावर बांधल्या की, तोच हत्ती पुनःपुन्हा हुबेहूब विणता येतो. विणकर धोटा टाकी आणि सहायक त्या दोऱ्या क्रमाने ओढी. क्रम चुकला की हत्तीचा पाय चुकला!

एवढ्या मोलाची वस्तू राजसत्तेच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. दहाव्या शतकाच्या प्रारंभी कॉन्स्टँटिनोपलमध्ये व्यवसायांच्या नियमांचा जो ग्रंथ तयार झाला, त्यात कच्च्या रेशमाच्या खरेदीपासून तयार वस्त्राच्या विक्रीपर्यंत निरनिराळ्या संघांची कामे वाटून दिलेली आहेत. काही जांभळी वस्त्रे परदेशी नेण्यास सक्त मनाई होती. इ. स. ९६८ मध्ये क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड हा सम्राट ऑटो पहिला याचा वकील म्हणून तेथे गेला. परत निघताना त्याने घेतलेली पाच जांभळी वस्त्रे अधिकाऱ्यांनी काढून घेतली. असली वस्त्रे इटलीत व्यापाऱ्यांकडून वाटेल त्याला मिळतात, असे त्याने संतापून सुनावले. वस्त्रे अर्थातच परत मिळाली नाहीत. आजच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ही हकिकत अगदीच अपरिचित वाटणार नाही.

आखेनच्या वस्त्रावर ग्रीक अक्षरेही विणलेली आहेत. त्यांत राजवाड्यातील भांडारांचा अधिकारी मायकेल आणि झ्यूक्सिप्पोस येथील कारखान्याचा प्रमुख पीटर यांची नावे आहेत. म्हणजे एका वस्त्रावर सेनापतीचे नाव आणि दुसऱ्यावर अधिकाऱ्यांचे. ज्यांच्या हातांनी ती अक्षरे सुतासुताने उमटविली, त्यांचे नाव या दोहोंवरही नाही. इ. स. ११४७ मध्ये सिसिलीचा राजा रॉजर दुसरा याच्या आरमाराने ग्रीसमधील थीब्ज व कॉरिंथ ही शहरे लुटली, त्या लुटीत रेशीम विणणारे कारागीरही धरून नेले. विणकर हीच संपत्ती, हे लुटारूंना चांगले ठाऊक होते. एखादे नाव मात्र अनपेक्षित ठिकाणी भेटते. ७५१ च्या तलासच्या लढाईत अरबांच्या हाती सापडलेला चिनी गृहस्थ दू हुआन ७६२ मध्ये स्वदेशी परतला. कूफा येथे पाहिलेल्या दोघा चिनी विणकरांची नावे त्याने नोंदवून ठेवली. त्यांतील एक लू ली.

विणकर स्वतःच आपली हकिकत सांगत आहेत, असा लेख पाहावयाचा तर आणखी काही शतके मागे, पाचव्या शतकातील माळव्यात जावे लागते. १८१८ च्या तहामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे झालेले आणि पुढे दीर्घकाळ ग्वाल्हेर संस्थानात असलेले मंदसोर हेच प्राचीन दशपूर. तेथे शिवना नदीच्या घाटावर सापडलेल्या संस्कृत शिलालेखात पट्टवायांच्या, म्हणजे रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीचा वृत्तांत आहे. हे लोक लाट देशातून, म्हणजे भडोच-बडोद्याकडील प्रदेशातून, मुलाबाळांसह दशपुरास आले. त्यांना कोणी धरून आणले नव्हते. तेथील राजांच्या गुणांनी आकृष्ट होऊन ते आपण होऊन आले, असे लेख सांगतो. पुढे त्यांच्यातील काही धनुर्विद्येत, काही ज्योतिषात, तर काही धर्मचर्चेत रमले. काहींनी मागच धरून ठेवला. व्यवसाय बदलणाऱ्यांना लेखात कोठे दूषण दिलेले नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी होय. रेशमी वस्त्रावाचून स्त्रीचा शृंगार पुरा होत नाही, असेही त्यात सुचविले आहे. आजच्या भाषेत ही जाहिरातच!

लेख रचणाऱ्या कवीचे नाव वत्सभट्टी. विणकरांची मात्र व्यक्तिशः नावे येथेही नाहीत. आहे ते श्रेणीचे नाव. मालव संवत् ४९३ मध्ये, म्हणजे इ. स. ४३७ च्या सुमारास, या श्रेणीने विणकामातून मिळविलेल्या धनाने दशपुरात सूर्याचे मंदिर बांधले. त्या वेळी कुमारगुप्ताच्या साम्राज्यात बंधुवर्मा दशपूरचा राजा होता. पुढे मंदिराचा काही भाग पडला. मालव संवत् ५२९ मध्ये, फाल्गुन शुद्ध द्वितीयेस, त्याच श्रेणीने त्याचा जीर्णोद्धार पुरा केला.