सातबाऱ्यावर तिचे नाव

(ग्रामविकास कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



शेतीतील कोणते काम स्त्री करीत नाही, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यासाठी आपल्याला क्षणभर थांबावे लागेल. लावणी, खुरपणी, कापसाची वेचणी, बियाण्याची साठवण, गुराढोरांचे वैरणपाणी ही सारी कामे तिच्याच हातची. मात्र सातबाऱ्याचा उतारा घेऊन खातेदारांची नावे वाचू लागलो की तिचे नाव क्वचितच आढळते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अवघे चौदा टक्क्यांच्या आसपास होते. आपल्याकडे तर बहिणीचे किंवा आईचे नाव पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेले दिसते. जिच्या श्रमावर शेत उभे आहे, ती कागदावर 'इतर' ठरते.

कागदावरच्या नावाला एवढे महत्त्व कशासाठी, असे काहींना वाटेल. पीककर्जासाठी सोसायटीत गेले की पहिली मागणी सातबारा आणि आठ-अ च्या उताऱ्याची होते. पीकविमा, नुकसानभरपाई, प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला या सर्वांचा मार्ग त्याच कागदावरून जातो. विदर्भ-मराठवाड्यात कर्त्या पुरुषाने जीवन संपविल्यानंतर त्याच्या पत्नीची जी परवड होते, तिचे एक मोठे कारण हेच आहे. जमीन सासऱ्यांच्या किंवा दिरांच्या सामाईक खात्यात. हिच्या हाती मुले, सावकाराचे देणे आणि रिकामे घर.

सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बिना अगरवाल या अभ्यासकांनी केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या विवाहित स्त्रियांच्या नावे जमीन नव्हती आणि घरही नव्हते, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी पतीकडून मारहाण सोसली होती. दोन्ही ज्यांच्या नावे होते, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. आपल्या नावाचे छप्पर असलेल्या स्त्रीला दुसरीकडे जाण्याची वाट असते, आणि ही गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक असते.

परंपरा काय सांगते?

स्त्रीला जमिनीत वाटा देणे ही परकी कल्पना आहे, असा आक्षेप आजही ऐकू येतो. आपल्या धर्मशास्त्राचा इतिहास त्याला पुष्टी देत नाही. पुत्रहीन पुरुषाच्या वारसांमध्ये याज्ञवल्क्याने प्रथम पत्नीला आणि नंतर कन्येला स्थान दिले. त्याच स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने वारसाने आणि वाटणीत आलेल्या संपत्तीचाही समावेश स्त्रीधनात केला. मूळ पैठणच्या घराण्यातील काशीनिवासी नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूखा'ला मुंबई इलाख्यात मोठा मान होता, आणि तेथे कन्येला वारसाने आलेल्या मालमत्तेवर तिचे पूर्ण स्वामित्व मानले जाई. इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने मिताक्षरेचा हा उदार अर्थ संकुचित केला आणि इतरत्र स्त्रीचा हक्क केवळ हयातीपुरता उरला.

अर्थात, पुत्र असलेल्या घरातील कन्येचा प्रश्न प्राचीनांनीही सोडविला नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तो ऐरणीवर आणला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. हिंदू कोड बिल रखडले, हे १९५१ मधील त्यांच्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या संपत्तीची पूर्ण स्वामिनी केले. परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतील जन्मसिद्ध हक्क पुत्रांकडेच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून तो कन्येलाही दिला, मात्र आधीच विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने तोही भेद संपविला. त्या तारखेस वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. कन्येचा हक्क पुत्राप्रमाणेच जन्माने येतो, यात आता शंका उरलेली नाही.

हक्क गळतो कोठे?

असे असूनही सातबारा बदललेला दिसत नाही. हक्क गळतो तो तलाठ्याच्या टेबलावर आणि घरातल्या ओसरीवर. वडील गेल्यावर वारसनोंदीचा अर्ज होतो. त्यात कधी मुलींची नावे लिहिलीच जात नाहीत. कधी लिहिली जातात, आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. दिवसकार्याला आलेली बहीण अजून सावरलेली नसते. "ताई, येथे सही कर," असे भाऊ म्हणतो आणि ती करते. कागद वाचून दाखविण्याची तसदी कोणी घेत नाही. फेरफार मंजूर होतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न पाच मिनिटांत निकाली निघतो.

ती सही का करते, याचा विचार आपण केला पाहिजे. तिला कायदा ठाऊक नसतो असे नाही. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती तिच्या मनात असते. सासरी काही बरेवाईट झाले तर परत येण्याचे एकच दार तिला माहीत असते, आणि ते दार उघडे राहावे म्हणून ती जमिनीची किंमत मोजते. भाऊबीजेला ओवाळणी घालणाऱ्या प्रत्येक भावाने स्वतःला विचारावे: बहिणीचे माझ्यावरील प्रेम हे तिच्या हक्कत्यागावर अवलंबून आहे काय? नात्याची अशी परीक्षा बहिणीनेच का द्यावी?

जमिनीचे तुकडे पडतील, हा दुसरा आक्षेप. चार भावांमध्ये वाटणी होते तेव्हा तुकड्यांची चिंता कोणी करीत नाही. बहिणीचे नाव निघाले की ती आठवते. नाव लावणे आणि शेत तोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सामाईक खाते ठेवून कसणे, उत्पन्नाचा वाटा देणे, किंवा रास्त मोबदला देऊन हिस्सा विकत घेणे हे सर्व मार्ग मोकळे आहेत. बहिणीने स्वेच्छेने हक्क सोडला तर तोही तिचा अधिकार आहे. ती स्वेच्छा असली पाहिजे, एवढाच आग्रह.

मराठी मातीतील एक प्रयोग

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी समजू नये. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा काही भाग करा, गावातील शंभर शेतकऱ्यांनी असे केले तर मी स्वतः गावात येईन, असे त्यांनी सांगितले. जळगाव जिल्ह्यातील विटनेरपासून अनेक गावांनी प्रतिसाद दिला. हे कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने घडले नाही. कर्जात बुडालेल्या पुरुषांनी आपल्या हाताने पत्नीची नावे लावली. १९९२ मध्ये शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर घेण्याचा निर्णय काढला. आजही किती कुटुंबांना तो माहीत आहे?

वनवासी भगिनींची स्थिती याहून बिकट आहे, कारण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला, ही दिलासा देणारी घटना. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहित दावेदाराचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा, अशी स्पष्ट तरतूद आहे. त्याच कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. निर्णय सर्वसहमतीने घेण्याची त्या गावाची रीत आहे, आणि ग्रामसभेत स्त्रियाही बसतात. गावाचा हक्क आणि स्त्रीचा हक्क परस्परांना पूरक ठरू शकतात.

आपण काय करावे?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. आपल्याला त्यासाठी मोर्चा काढायचा नाही. प्रथम आपापल्या घरचा उतारा काढून पाहावा. आईचे, पत्नीचे, बहिणीचे नाव कोठे आहे ते तपासावे. दुसरे, मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी राज्यात २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. आपल्या गावातील वारसनोंदीत मुली आणि विधवा सुटल्या नाहीत ना, याची खातरजमा करावी. तिसरे, हक्कसोडपत्रावर सही होण्यापूर्वी ते बहिणीला वाचून दाखविले जाईल आणि तिला घरी विचार करण्यास अवधी मिळेल, असा पायंडा पाडावा. दिवसकार्याच्या दिवसांत अशा कागदांवर सह्या घ्यायच्याच नाहीत, एवढा एक ठराव जरी ग्रामसभेने केला तरी पुष्कळ साधेल.

आपण भूमीला माता म्हणतो. त्या मातेच्या उताऱ्यावर तिच्या लेकींची नावे नसावीत, हे आपल्या संस्कारांना शोभणारे नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घरचा सातबारा सोबत आणावा, एवढी विनंती करून मी थांबतो.