नोकरी, घर आणि कॅमेरा: तिघांना वेळ कसा द्यायचा?

मी मूळचा चुडाव्याचा. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं छोटं रेल्वे स्टेशन. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. आणि फोटोग्राफी म्हणाल तर नुसता टाइमपास नाही, मनापासून करतो. म्हणून एक प्रश्न नेहमी येतो: नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं का?

यावर मी एका इंजिनिअरचं उदाहरण देतो. लाला दीनदयाळ, जन्म १८४४. रुडकीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. तिथे आठेक वर्षं काढल्यावर त्यांनी कॅमेरा हातात घेतला. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा, आपल्यासारखं खिशातून मोबाइल काढला आणि झालं, असं नव्हतं. तरी पुढची दहा वर्षं नोकरी चालूच होती. कामं मिळायला लागली, नाव झालं, मग त्यांनी लांब रजा घेतली आणि नोकरी सोडली ती त्यानंतर. पुढे सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात. वेरूळ, दौलताबादचे त्यांनी काढलेले फोटो आजही बघायला मिळतात.

त्यांच्याकडून मी घेतलं ते एवढंच: आधी रजा, राजीनामा नंतर. आणि दुसरं, घरच्यांना सोबत घेणं. त्यांची मुलंही याच धंद्यात आली.

आता माझा हिशोब सांगतो. चांगला उजेड दिवसातून दोनदाच असतो, सूर्य उगवताना आणि मावळताना. संध्याकाळी ऑफिसचे कॉल असतात, घरी बायको वाट बघत असते. म्हणून संध्याकाळ त्यांची, सकाळ माझी. साडेपाचला निघायचं आणि नऊच्या आत घरी. ऑन-कॉल आठवड्यात कॅमेरा बॅगेतच. लेन्ससाठी दर महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला पडते, ईएमआयवर लेन्स घ्यायची नाही. हे सगळं घरात बोलून ठरवलेलं आहे. न बोलता घेतलेला वेळ घरच्यांना चोरल्यासारखा वाटतो, मग भांडण ठरलेलंच.

पण खरी अडचण गावाकडे. दिवाळीला चार दिवस जायचं आणि मी पहाटेच शिवारात गायब. आई म्हणायची, "पाव्हणे आलेत घरी आन् तू कुठं फिरायलास रे?" बरोबरच होतं तिचं.

आमच्या भिंतीवर आजोबांची तसबीर आहे. एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठी केलेली. चेहरा धूसर, खांद्यावर कुणाचा तरी हात. गावात कित्येक घरांत हेच. माणूस गेलं की फोटो शोधायची धावपळ, आणि शेवटी आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून फ्रेम होते.

मग मी ओसरीवर सावलीत एक खुर्ची ठेवली, मागे पांढरी चादर लावली आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला लागलो. आईच एकेकाला बोलावून आणते, पदर नीट करून देते, चहा ठेवते. प्रिंट नांदेडला काढून घरोघरी वाटतो. आता मी पोचायच्या आधीच तिचा फोन येतो, "काकू राहिल्यात, त्यांचा पहिल्यांदा काढ." शिवारात जायला अजूनही पहाटच मिळते, पण आता कुणी रुसत नाही.

या रविवारी एक करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला खिडकीजवळ बसवा, उजेड एका बाजूने येऊ द्या. मोबाइल चालेल. फक्त त्यांना हसा म्हणू नका, गप्पा मारा आणि मधेच काढा. आणि प्रिंट नक्की काढा, फोन बदलला की फोटो हरवतात.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!