ध्वनिमुद्रण करणारांस चार सूचना
(महाबळेश्वर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



वृद्ध आयाबहिणींच्या जात्यावरील ओव्या वहीत उतरतात. त्यांचा गळा वहीत उतरत नाही. म्हणून आपण डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर घेतला. म्हणणारी व झेलकरी यांचे आवाज तो निरनिराळ्या ट्रॅकवर घेतो. मात्र त्याचे दोष आपणांस ओळखता आले पाहिजेत.

महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गार यंत्र उबदार खोलीत उघडताच त्यावर दव धरते. ते पिशवीत बंद ठेवूनच खोलीइतके उबदार होऊ द्यावे.

आवाजच येत नसल्यास ट्रॅक मुद्रणास सज्ज आहे काय, केबल घट्ट आहे काय, कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्ट मिळतात काय, हे क्रमाने पाहावे. आवाज फाटत असल्यास पातळी उतरवावी. उंच स्वरही शून्याखाली दहा-बारा डेसिबल राहावा. गुणगुण येत असल्यास यंत्र बॅटरीवर चालवावे. ती थांबली, तर दोष विजेच्या जोडणीत समजावा.

एकदा मुद्रण न थांबविताच मी बॅटरी काढली. फाईल अपुरी राहून उघडेना. अशा वेळी कार्डास हात न लावता ते जाणकाराकडे न्यावयाचे असते. आतील आवाज पुष्कळदा परत मिळतो. मी अज्ञानाने कार्ड फॉरमॅट करून त्यावरच नवे मुद्रण केले. पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा त्या आजी हयात नव्हत्या.

तरी त्याच रात्री दोन प्रती काढा, दोन घरी ठेवा, आणि त्या ऐकून पाहिल्यावाचून कार्ड पुसू नका.