मांद्र्याचा विद्यार्थी आणि आपली मुले

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमातील भाषण)



आज व्यासपीठावर आलेल्या मुलांत एमबीबीएस, आयुर्वेद, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी अशा आरोग्य शाखांची मुले बरीच होती. प्रत्येकाचे नाव पुकारले गेले, टक्के सांगितले गेले, टाळ्या झाल्या. त्या टाळ्या रास्तच आहेत. या अभ्यासामागे किती जागरणे असतात हे घरच्यांना ठाऊक असते. मला एवढेच सांगायचे आहे, की या शाखांचे यश मोजताना टक्क्यांच्या जोडीला आणखी एक माप असायला हवे. ते माप आपल्याच पेडण्याच्या एका विद्यार्थ्याने घालून दिले आहे.

दोनशे वर्षांपूर्वी पेडण्यातल्या मांद्रे गावी रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. लहानपणीच ते मुंबईला गेले. एल्फिन्स्टनमध्ये शिकले, निबंधस्पर्धेत बक्षीस मिळवले आणि १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. हेच आपले डॉ. भाऊ दाजी लाड. आजच्यासारखा समारंभ तेव्हा असता, तर त्यांचा सत्कार नक्की झाला असता. पण लोकांनी त्यांना लक्षात ठेवले ते त्यापुढच्या कामासाठी. भाऊ आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. ज्या कुष्ठरोग्याला घरचेही दूर ठेवत, त्याच्यावर भाऊंनी कडू कवठाच्या बियांचे तेल वापरून पाहिले. आपली जुनी औषधे नव्या शास्त्राच्या कसोटीवर घासून बघण्याची ती धडपड होती. ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले आणि १८७४ मध्ये गेले. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे.

भाऊंच्या काळी पेडण्याच्या रुग्णाला पणजी गाठायची तर शापोरा आणि मांडवी या दोन नद्या ओलांडाव्या लागत. पणजीत वैद्यकीय शाळा मात्र १८४२ सालीच निघाली होती. तीच परंपरा आज बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पुढे चालू आहे. महाराष्ट्रात आरोग्य शिक्षणासाठी १९९८ पासून नाशिकला वेगळे विद्यापीठ आहे. इथे हे महाविद्यालय गोवा विद्यापीठाला जोडलेले आहे. आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. म्हणजे भाऊंच्या तालुक्यातच आता आरोग्य शाखेचे विद्यार्थी राहून शिकतात.

या विद्यार्थ्यांनी गावात जावे अशी योजना शिक्षणातच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम करायचे असते, शिवाय सात दिवसांचे शिबिर. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घ्यावीत आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जावे, असेही आता अभ्यासक्रमात आले आहे. यातले महत्त्वाचे शब्द कोणते? 'पुन्हा पुन्हा'.

कारण एका दिवसाचे शिबिर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. देवळाच्या मंडपात टेबले मांडली जातात, रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, फोटो निघतो, चहा होतो. आजीच्या कागदावर १७० लिहिलेले असते. पण पुढच्या महिन्यात आजी गोळी घेते का, हे कोण बघणार? डिचोलीतल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद झाल्या, तेव्हा ट्रकच्या हप्त्यावर कितीतरी घरांचे गणित चुकले. अशा घरात आधी हात आखडतो तो स्वतःच्या औषधासाठी. सरकारी केंद्रात गोळी फुकट मिळते, पण तिथे जाण्यात रोज बुडतो, तो फुकट नसतो. हे शिबिराच्या टेबलावरून दिसत नाही. तिसऱ्यांदा घरी गेलेल्या विद्यार्थ्याला ते दिसते.

दुसरे उदाहरण घ्या. छातीत दुखू लागले, की आपला वडीलधारा माणूस 'वायू झालाय' म्हणून ओवा खातो आणि पडून राहतो. गोव्यात १०८ ची रुग्णवाहिका २००८ पासून आहे. आरोग्य केंद्रात ईसीजी काढून तो तज्ज्ञांना दाखवायचा आणि वेळेत उपचार सुरू करायचे, यासाठी 'स्टेमी' योजनाही आहे. पण रुग्णच घरी पडून राहिला तर यंत्रणा काय करणार? ओसरीवर बसून हे समजावून सांगणारा ओळखीचा मुलगा किंवा मुलगी हवी.

आणि इथेच आपल्या मंडळाचे काम सुरू होते. पेडणे-डिचोलीत घरात कोकणी आणि वाचायला मराठी, अशी घरे पुष्कळ आहेत. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या विद्यार्थ्याला 'आंग मोडून येते' किंवा 'बारीक ताप आहे' याचा अर्थ चटकन कळत नाही. चुकीचे ऐकले, की निदानही चुकते. आपल्यातल्या कितीजणांची मूळ घरे, आजोळे या दोन तालुक्यांत आहेत! तिथल्या वाड्यांची वाट आणि माणसे आपल्याला माहीत आहेत. विद्यार्थ्यांबरोबर घरोघर जायला आपण सोबत देऊ शकतो. लेप्टो, रक्तदाब, मधुमेह यांवर मोठ्या अक्षरांतली सोपी मराठी पत्रके काढू शकतो. चवथीला घरोघरी भजने होतात. दोन अभंगांच्या मध्ये पाच मिनिटे आरोग्यावर बोलू दिले, तर कोणाचाही देव रागावणार नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या टक्क्यांचा आम्हाला अभिमान आहे. पुढच्या वर्षी तुमचे नाव पुकारताना आम्ही आणखी एक गोष्ट विचारू : वर्षभरात कोणत्या घरी किती वेळा गेलात, आणि तिथे काय बदलले? उत्तर छोटे असले तरी चालेल. 'एका आजींची गोळी चुकली नाही' एवढे असले, तरी त्यालाही आजच्याइतक्याच टाळ्या पडतील, याची जबाबदारी आम्हा मोठ्यांची.

गणपती बाप्पा मोरया!