झळाळीची पारख

पितळेच्या पातेल्याला कल्हई लावण्याची चाल आता घरोघरी राहिलेली नाही. परंतु कल्हईचे मर्म जुन्या गृहिणींना पक्के ठाऊक होते. कल्हई लावली की भांडे रुप्यासारखे लखलखे, हा तिचा वरवरचा गुण. तिचा खरा गुण असा, की तिच्यामुळे ताक किंवा आमटी कळकत नसे. आणि ती झिजली म्हणजे खालचे पितळ आपण होऊन डोकावू लागे व कल्हईवाल्याला हाक मारण्याची वेळ झाल्याचे सांगे. रक्षण करणारी आणि वेळेवर सावध करणारी, अशी ती झळाळी होती. हीच दुहेरी कसोटी स्वयंपाकघरापासून फार दूरच्या एका वस्तूलाही लागू पडते. ती वस्तू म्हणजे चिखलमातीतून आणि खाचखळग्यांतून धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारसायकलचा पोलादी सांगाडा. कारागीर त्याला ‘फ्रेम’ म्हणतात.

अशा शर्यतींचा उगम इंग्लंडातला. १९२४ साली सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे झालेली शर्यत ही त्यांची आद्य शर्यत मानली जाते. पुढे १९६०च्या सुमारास हॅम्पशायरमधील न्यू मिल्टन येथील डेरेक आणि डॉन रिकमन या दोघा बंधूंनी, जे स्वतः नामांकित स्पर्धक होते, निरनिराळ्या कारखान्यांचे उत्तम भाग एकत्र आणून एक गाडी सिद्ध केली आणि तिला ‘मेटिस’, म्हणजे फ्रेंच भाषेत ‘संकरजा’, असे थट्टेचे नाव दिले. लवकरच त्यांनी सांगाडाही स्वतःच घडवला. त्याच्या नळ्या ‘रेनॉल्ड्स ५३१’ या मँगनीज-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाच्या होत्या, सांधे ब्राँझने जोडलेले होते, आणि या सर्वांवर निकेलचा तेजस्वी मुलामा होता. हॉलिवूडचा अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन याच्याही आवडत्या गाड्यांत मेटिस होती.

ज्या गाडीला पहिल्या फेरीतच चिखलाने माखून निघावयाचे, तिला हा साज कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. आणि साजच करावयाचा, तर निकेलहून अधिक झगमगणारे क्रोम का नको? आज एखादा हौशी तरुण अशी जुनी गाडी मिळवतो, सुटी करतो, आणि मोकळा सांगाडा खांद्यावर टाकून मुलामा देणाऱ्याच्या दुकानात जातो, तेव्हा त्याच्याही मनात क्रोमच असते. म्हणून त्या टाकीत काय घडते, हे पाहिले पाहिजे.

क्रोमची म्हणून जी झळाळी आपण वाखाणतो, ती बव्हंशी खालच्या निकेलचीच असते. शोभेच्या कामात क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. तो निकेलला काळवंडू देत नाही आणि किंचित निळसर छटा देतो, इतकेच. परंतु एवढ्या पातळ थरासाठी मोजावी लागणारी किंमत लहान नाही. मुलाम्यापूर्वी पोलाद आम्लात बुडवून स्वच्छ करतात, तेव्हा हायड्रोजन सुटतो. पुढे टाकीत वीज सोडली, की निकेलच्या बाबतीत जवळजवळ सारी वीज धातू बसवण्याच्या कामी येते. क्रोमच्या बाबतीत मात्र तिचा बहुतांश भाग हायड्रोजन निर्माण करण्यात खर्ची पडतो. या हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात, ताण पडणाऱ्या जागी गोळा होतात आणि पोलाद ठिसूळ करतात. हायड्रोजनचा हा दुष्परिणाम डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता.

यातील कपटी भाग असा, की दुकानातून परत आलेली वस्तू निर्दोष दिसते. ती तुटते ती नंतर, ताणाखाली, कसलीही पूर्वसूचना न देता. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण जणू या पोलादासाठीच रचली गेली असावी. पोलाद जितके कणखर, तितका हा धोका मोठा. साध्या मऊ नळीला तो फारसा नाही, आस आणि उच्च प्रतीच्या बोल्टांना तो सर्वांत अधिक. यावर उपाय आहे. मुलामा दिल्यावर काही तासांच्या आत वस्तू सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत कित्येक तास तापवली, तर हायड्रोजन बराचसा निघून जातो. तेव्हा दुकानदाराला दर विचारण्याआधी भट्टी विचारावी.

दुसरे भय घासकामाचे. आरशासारखी चकाकी हवी, तर पृष्ठभाग आरशासारखा करावा लागतो. आणि सांध्यांचे उंचवटे सपाट करण्याच्या उत्साहात बळकटीच घासली जाते. शिवाय नळीत आम्ल अडकून राहिले, तर बाहेरून लखलखणारा सांगाडा आतून गंजत जातो.

क्रोमच्या टाकीवर वाकून काम करणारा कामगारही या हिशेबात धरला पाहिजे. त्या द्रावणाचे तुषार श्वासावाटे जात राहिले, तर नाकाच्या पडद्याला व्रण पडतात आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्वस्त झळाळीची किंमत पुष्कळदा असा तिसराच माणूस भरत असतो.

निकेलही निर्दोष नाही. त्याची छटा किंचित पिवळसर असते, ते मंदावते, पुसावे लागते. आणि दगडाच्या घावाने थर फुटला, तर त्या जागी पोलाद उलट अधिक वेगाने गंजते. परंतु त्याच्या या दोषातच त्याचा मोठा गुण दडलेला आहे. सांध्यापाशी केसाएवढी चीर पडली, तर मुलामा तिथेच फाटतो आणि चकाकत्या पृष्ठावर तांबूस रेघ उमटते. गाडी धुणाऱ्याच्या नजरेला ती चटकन पडते. झिजल्या कल्हईतून पितळ डोकवावे, तशीच ही सूचना होय.

याउलट पावडर कोटिंग. विद्युत्भाराने चिकटवलेली आणि १८० ते २०० अंशांवर भाजलेली ही पूड ६० ते १०० मायक्रॉनचा चिवट थर देते. तिच्यात हायड्रोजनचे भय नाही, दगडांचा मारा ती पुष्कळ सोसते, खर्चही कमी. क्रोमसारखी दिसणारी पूडही मिळते. पण तिच्यावर रक्षणाचा पारदर्शक थर चढला, की तिचे तेज बरेच उतरते. मुख्य उणीव ही, की असा लवचीक थर बारीक चीर काही काळ झाकून ठेवू शकतो. म्हणून पूडच निवडली, तर फिकट रंगाची निवडावी. गंजाची रेघ तिच्यावर लवकर उमटते.

१९९७ साली होंडाने आपल्या सीआर २५० आर या गाडीला ॲल्युमिनियमचा सांगाडा दिला, आणि मुलाम्याची गरज नसलेले सांगाडे शर्यतीत रूढ होऊ लागले. जुन्या पोलादी गाड्यांवर जीव असणाऱ्यांना मात्र हा निर्णय अजूनही करावाच लागतो. गाडी दिवाणखान्यात उभी करावयाची असेल, तर क्रोम शोभेल. ती टेकडीवरून झेपावणार असेल, आणि त्या झेपेत एका माणसाचा प्राण तिच्या चार-दोन सांध्यांवर तोलला जाणार असेल, तर भट्टीतून गेलेले निकेल किंवा फिकट पूड हीच शहाणपणाची निवड.

कारण शोभा हा झळाळीचा गुण खरा; पण आतली चीर न लपवता ती वेळेवर दाखवून देणे, हा तिचा धर्म होय.