बाबा पिंडापुढे बोलले तेव्हा



दिवा-पनवेल रेल्वेमार्गावरचं आमचं नावडे आता पनवेल महापालिकेत आहे. एका अंगाला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या इमारती. पण गावठाणात मयत झाली की कामांची वाटणी अजून जुनीच. बायका गेलेल्याच्या आठवणी काढत मोठ्याने रडतात. पुरुषांनी बांबू, सुतळी, मडकं, लाकडं बघायची. बाप्यामाणसाला रडायला सवडच ठेवलेली नाही.

माझे बाबा या कामांत सगळ्यांच्या पुढे. 1984 च्या जानेवारीत सिडकोसाठी घेतलेल्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या आंदोलनात बाबांच्या पाठीवर लाठ्या बसल्या. आजी सांगायची, वळांवर हळद लावताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. आम्ही भावंडं असल्याच गोष्टी ऐकत वाढलो. बाप म्हणजे न रडणारा माणूस, एवढंच आम्हाला ठाऊक.

धाकटा काका अचानक गेला. सख्ख्या भावाची तिरडीही बाबांनीच बांधली. गाठ मारायची, उरलेली सुतळी दातांनी तोडायची, पुढची गाठ घ्यायची. चेहरा कोरडा. घरी आल्यावर कुणाची जेवणं राहिली, मंडप कधी येणार, हेच विचारत राहिले.

दहाव्याला नदीवर प्रवचन झालं, पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, खाली उतरेनात. मोठी माणसं म्हणू लागली, काहीतरी इच्छा राहिलीय, कुणीतरी बोला. बाबा पुढे झाले. नुकतंच मुंडण झालेलं, उन्हात डोकं चमकत होतं. हात जोडून म्हणाले, "तुजे पोरींचा लगीन मी लावीन. तू कालजी नको करू." एवढ्यावर थांबायचा रिवाज आहे. बाबा थांबले नाहीत. शेताच्या बांधावरून झालेलं भांडण, त्यानंतरचा अबोला, एका दिवाळीला काका दारापर्यंत येऊन परत गेला ते, सगळं त्याला सांगत सुटले आणि बोलता बोलता वाळूत बसून हमसून हमसून रडले. कावळा कधी शिवला ते मला माहीत नाही. मी बाबांकडे बघत होतो. आधी भीती वाटली, मग फार जवळचे वाटले ते मला.

बाबांचं ते रडणं आठवलं की मला बाबासाहेब आंबेडकर आठवतात. त्यांचा धाकटा मुलगा राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. त्याआधी तीन मुलं गेलेली. त्या ऑगस्टमध्ये मित्र दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात हा बाप काहीही लपवत नाही. पोराच्या जाण्यानं जगण्यातली गोडी संपली, असाच त्याचा सूर आहे. आणि मार्च 1927 मध्ये हेच बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर उभे होते. 27 मे 1935 रोजी राजगृहात रमाबाई गेल्या, तेव्हा त्यांनी मुंडण केलं, स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, लहान मुलासारखे रडले. त्या रडण्यानं त्यांच्या लढाईत काही उणं पडलं का? ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

आता दिवस तिसऱ्या, पाचव्या दिवशी उरकतात. कामधंद्याच्या सुट्ट्या, टॉवरमधलं राहणं, कारणं खरी आहेत, आणि काकस्पर्शावर माझा विश्वास आहे असंही नाही. तरी काळजी वाटते. चारचौघांत, सगळ्यांच्या देखत, मेलेल्या भावाशी बोलायची मुभा आमच्या पुरुषांना तेवढ्या एका जागी होती. ती गेली तर ते कुठे बोलणार?

बाबा त्या दहाव्यापासून काकाचं नाव घेऊ लागले. आधी घरात ते नाव निघालं की उठून जायचे. आता जेवताना नातवंडांना सांगतात, खाडीच्या चिखलात निवट्या पकडताना काकाचा हात कसा वेगानं चालायचा. आई मध्येच म्हणते, तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त मिळायच्या. बाबा ते कबूल करतात.