गावची शाळा आणि तिची बालवाडी
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



मला विषय दिला आहे तो गावच्या मराठी शाळेचा. विषय मोठा आहे, मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. पहिलीच्या वर्गात मूल का येत नाही, याचे कारण आपण पहिलीत शोधत बसतो. ते कारण तीन वर्षे अलीकडे आहे.

पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या मराठी शाळा लोकांनी वर्गणीवर चालवल्या, काही तर देवळाच्या अग्रशाळेत भरत. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात सरकारी प्राथमिक शाळा खेड्यापाड्यांत पोहोचल्या. सत्तरीतली आमची शाळा त्यांपैकीच एक. दोन खोल्या, वर मंगळुरी कौले, पुढे पडवी, मागे फणस. वर्ग पहिली ते चौथी. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, पण एक जण मतदारयादीच्या कामाला किंवा बैठकीला गेला की दुसरीकडे चारही वर्ग. मग चौथीतली मुलगी पहिलीतल्याला बाराखडी गिरवून घेते. हे बाहेरच्यांना हलाखीचे वाटते. मला तसे वाटत नाही. त्या मुलीचे स्वतःचे वाचन त्यातच पक्के होते.

सोयींबद्दल तक्रार करायची आपल्याला सवय आहे, पण खरे सांगायचे तर सोयी सुधारल्या. मी नोकरीला लागले तेव्हा जमीन शेणाने सारवायची आणि पाणी शेजारच्या विहिरीचे. आज फरशी आहे, पंखा आहे, नळ आहे, मुलींसाठी वेगळे शौचालय आहे. मधल्या सुट्टीत स्वयंसाहाय्य गटाच्या बाया भाजी-पाव घेऊन येतात. तरी पट उतरतोच आहे.

मी मे महिन्यात घरोघर फिरत असे. एका घरी मुलाची आई म्हणाली, "बाई, आतां वेळ जालो." मुलगा साडेपाच वर्षांचा. तीन वर्षांचा झाला तेव्हाच त्याला पिवळी बस घेऊन गेली होती, शहरातल्या केजीत. तिथे त्याची बाई आहे, मित्र आहे, ठरलेला बाक आहे. केजी जिथे, पहिली तिथेच. भाषेचा विचार करून कोणी ते ठरवत नाही. मूल जिथे रमले तिथून आई त्याला उठवत नाही, इतके साधे आहे. इंग्रजी माध्यमाच्या अनुदानावरून २०११ पासून आपण पुष्कळ भांडलो. ते भांडण आवश्यकच होते. पण त्या सगळ्या काळात तीन वर्षांच्या मुलाला बसायला आपल्या शाळेत जागा नव्हती.

कोणी म्हणेल, अंगणवाडी आहे की. आहे, १९७५ पासूनच्या योजनेतली. पण ती महिला व बालविकास खात्याची आणि शाळा शिक्षण खात्याची. आमच्या गावात अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरते, शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर. सेविका वजने घेते, आहार वाटते, लसीकरणाला बोलावते, नोंदवह्या भरते. शिकवायला उरते ते शेवटचा अर्धा तास. शिक्षणहक्क कायद्याचा हक्कही सहा ते चौदा वयाचा. त्याआधीच्या मुलांसाठी सरकार सोय 'करू शकेल' एवढेच त्यात म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग एक टप्पा मानला, हे चांगले झाले. पण टप्पा कागदावर सलग झाला म्हणून दोन खात्यांच्या मधली दहा मिनिटांची वाट आपोआप बुजत नाही.

मूल येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हे ताराबाई मोडकांनी बोर्डीला करून दाखवले, आणि त्यांना अनुताई वाघांची साथ मिळाली. शंख-शिंपले, बिया, पाने ही त्यांची साधने. आम्ही तेवढ्याच भांडवलावर रिकाम्या खोलीत बालवाडी सुरू केली. पालक-शिक्षक संघाने वर्गणी काढली, गावातलीच एक शिकलेली सून बाई म्हणून आली. चिंचोके, सागरगोटे, नारळाच्या करवंट्या, एक वाळूचा हौद.

बालवाडीत खरे काम होते ते कानांचे. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी कोंकणी. मूल 'सुणें' म्हणते, पुस्तकात कुत्रा असतो. मूल 'उदक' मागते, बाई पाणी देते. सहाव्या वर्षी हे एकदम समोर आले की मूल गप्प होते. तिसऱ्या वर्षी आले तर दोन्ही शब्द त्याचे होतात, आणि कोणताही चूक ठरत नाही. बाईंना माझे सांगणे एवढेच होते की 'उदक' दुरुस्त करायचे नाही, पाणी द्यायचे. मजुरीला आलेल्या कानडी आणि हिंदी घरांतली मुलेही याच चटईवर बसली. आज कित्येक शाळांचा पट त्यांनी सावरला आहे, हे आपण व्यासपीठावरून फारसे बोलत नाही.

पहिल्या वर्षी सहा मुले आली. त्यांतली चार पुढे आमच्या पहिलीत बसली. मोठा आकडा नाही, पण त्याच्या आदल्या जूनमध्ये पहिलीत एकच मूल होते.

अडचणी संपलेल्या नाहीत. लहान मुलांच्या उंचीचे शौचालय मिळायला दोन पावसाळे गेले. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होता आणि बाई मुलांना धरून उभ्या राहत होत्या. त्यांचे मानधन अजून वर्गणीतूनच जाते. चतुर्थीचा खर्च झाला की वर्गणी आटते आणि पुढचे दोन महिने ओढाताण होते.

अकादमी निबंध आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा घेते, त्या चालू राहाव्यात. त्यांच्या जोडीला बालवाडीसाठी मोठ्या चित्रांची पुस्तके हवीत, ज्यांत फणस, होडी, पाव आणि माटोळी असेल, आणि चित्राखाली मराठी व कोंकणी दोन्ही शब्द असतील. पाने जाड हवीत. आमच्याकडची तीन वर्षांची मुले पुस्तक आधी चावून बघतात.